माणूस सुटायच्या आधी त्याच्या घराशी बोला

प्रति,
राज्यातल्या कारागृहांचे अधिकारी, परिविक्षा अधिकारी आणि सुटून येणाऱ्या बंद्यांच्या पुनर्वसनाचं काम बघणारे सगळे,

सप्रेम नमस्कार.

मी परळला एका जुन्या चाळीत राहते. पोळीभाजी केंद्र चालवते. सकाळी सहाला तवा चढतो तो दुपारी दोनशिवाय उतरत नाही. माझ्या मिस्टरांना २०१६ साली कोर्टाने खुनाच्या प्रयत्नाच्या कलम ३०७ खाली दहा वर्षांची शिक्षा दिली. त्याआधी २०१३ च्या डिसेंबरपासून ते कच्च्या कैदेत होतेच. गुन्हा घडला होता. भांडणात यांच्या हातून एका माणसाला चाकू लागला. तो माणूस वाचला, पण ओझं उचलायचं त्याचं काम कायमचं सुटलं. हे आधीच लिहिते, कारण शिक्षा कमी करा म्हणून हे पत्र नाही. शिक्षा झाली, ती भोगून झाली. मला बोलायचंय ते सुटकेच्या दुसऱ्या दिवसापासून पुढचं.

२०२२ च्या फेब्रुवारीत हे सुटले. कच्च्या कैदेचे दिवस धरून, माफीचे दिवस वजा जाऊन. तारीख मला कळली ती यांच्या बराकीतल्या दुसऱ्या एकाच्या बायकोकडून, आदल्या संध्याकाळी, फोनवर. "वहिनी, उद्या तुमचे सुटतायत. तुम्हाला कळवलं नाही कुणी?" मी तेव्हा एका बारशाच्या दीडशे पोळ्यांची ऑर्डर घेऊन बसले होते. आठ वर्षं नवऱ्याची वाट बघितलेली बाई हे ऐकून देवापुढे साखर ठेवेल, असं कुणालाही वाटेल. माझ्या मनात पहिलं आलं, यांनी झोपायचं कुठे?

आमची खोली दहा बाय बाराची. सासूबाई कॉटवर, मी आणि मुलगी खाली, मुलगा पोटमाळ्यावर. त्याचं दहावीचं वर्ष, परीक्षा महिन्यावर आलेली. आठ वर्षांत या खोलीतल्या वस्तूंनी आणि माणसांनी आपापली जागा घेतली होती. यांची जागा आम्ही मुद्दाम काढून टाकली नव्हती, ती आपोआप भरून गेली होती. पहिल्या रात्री मला ते कळलं आणि मला माझीच लाज वाटली.

आता दारातला प्रसंग सांगते. हे जिना चढून वर आले, दार नुसतं लोटलेलं होतं, आणि हे बाहेर उभे. मला वाटलं सासूबाई ओवाळणार म्हणून थांबलेत. ओवाळून झालं, तरी उभेच. मी आतून दार पूर्ण उघडलं तेव्हा आत आले. पुढे दोनतीन दिवसांनी लक्षात आलं, की हे स्वतःच्या हाताने कुठलंच दार उघडत नव्हते. आठ वर्षं दार दुसऱ्याने उघडायचं आणि दुसऱ्यानेच लावायचं. आमचा संडास गॅलरीच्या टोकाला, सामायिक. सकाळी हे बादली घेऊन माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "जाऊ का?" मुलीने ते ऐकलं. तेरा वर्षांची मुलगी. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मला काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही.

संध्याकाळी पाच वाजले की हे जेवायला बसायचे. आत बराकी बंद व्हायच्या आधी जेवण उरकतं हे मुलाखतीला जाऊन मला माहीत होतं, पण त्याची सवय शरीरात इतकी मुरते हे माहीत नव्हतं. रात्री दिवा मालवला की झोप नाही, कारण बराकीत रात्रभर दिवा असतो. गंमत अशी झाली, की मुलगा रात्री दीडदोनपर्यंत ट्यूबलाइट लावून अभ्यास करायचा आणि त्या उजेडात हे शांत झोपायचे. बापलेक एकमेकांशी धड बोलत नव्हते, पण त्या एका दिव्यावर दोघांचं भागत होतं. एप्रिलमध्ये शेवटचा पेपर झाला. त्या रात्री मुलाने दहालाच दिवा बंद केला, आणि हे उठून गॅलरीत जाऊन बसले ते सकाळपर्यंत. सासूबाईंना वाटलं, मुलाचं वागणं झोंबलं. मुलाला वाटलं, बाप रागावला. मला वाटलं, यांना घर नको झालंय. तिघांचंही चुकीचं होतं. यावर उपाय काय होता, तर शंभर रुपयांचा झीरोचा बल्ब. तो आम्ही लावला दोन महिन्यांनी, एका संस्थेच्या ताईंनी सांगितल्यावर.

साहेब, मॅडम, मला एवढंच विचारायचंय की हे आम्हाला आधी सांगायला काय लागतं? माणूस दारात थांबेल, परवानगी मागेल, पाचला जेवेल, अंधारात झोपणार नाही, गर्दीत घाबरेल, लोकलच्या दाराशी थबकेल. हे आजवर हजारोंच्या बाबतीत झालं असेल. तुम्हाला त्यात नवीन काही नाही. आम्हाला मात्र प्रत्येक गोष्ट पहिल्यांदाच दिसते, आणि आम्ही तिचा वाईट अर्थ लावतो.

नियमात हे नाही असं नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये मंजूर केलेल्या, नेल्सन मंडेलांच्या नावाच्या नियमांत लिहिलंय, की शिक्षेच्या सुरुवातीपासूनच सुटकेनंतरचा विचार व्हायला हवा आणि घरच्यांशी नातं टिकवायला मदत व्हायला हवी. आपल्या केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीतही सुटकेनंतरची काळजी हा कारागृहाच्या कामाचाच भाग धरलाय. आपल्याकडे संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) १९५९ च्या नियमांपासून आहेत, त्यांच्यामागेही घराशी धागा तुटू नये हाच विचार. म्हणजे वरच्या लोकांनी विचार केलेला आहे. तो विचार घाट उतरून चाळीच्या जिन्यापर्यंत यायचा राहिलाय.

आणि घाट हा शब्द मी उगाच वापरत नाही. मुंबईच्या माणसाला शिक्षा लागली की बहुतेक वेळा तो मुंबईत राहत नाही. आर्थर रोड मुख्यतः कच्च्या कैद्यांचं. शिक्षाबंदी जातात येरवड्याला, नाशिकरोडला, कोल्हापूरला. नाशिकरोडला मुलाखतीला जाणारी बाई पहाटे उठून तपोवन पकडते, येरवड्याला जाणारी इंद्रायणी. त्या दिवसाची मजुरी बुडते. काचेपलीकडे किंवा जाळीपलीकडे थोडी मिनिटं मिळतात, त्यात वकील काय म्हणाले, मनीऑर्डर पोचली का, आईचा गुडघा कसा आहे, एवढं होतं. घरात पुढे काय करायचं याची बोलणी त्यात होत नाहीत. मोबाइलवरची मुलाखत सुरू झाल्यापासून चेहरा तरी वरचेवर दिसतो, हे चांगलं झालंय. पण घराची तयारी व्हायची तर कुणीतरी मध्ये बसावं लागतं, प्रश्न विचारावे लागतात. नवराबायको स्वतःहून अवघड गोष्टी काढत नाहीत. आम्ही आठ वर्षं काढल्या नाहीत.

कुठल्या गोष्टी? मी यांची मोटारसायकल २०१५ मध्येच विकली होती, वकिलाच्या फीसाठी. सांगितलं नव्हतं. माझं मंगळसूत्र दोनदा गहाण पडून सुटलं होतं. गावच्या घराच्या वाटणीत दिरांनी यांची सही नसताना काय ठरवलं, ते मला माहीत होतं, यांना नाही. आत माणसाला ताप नको म्हणून लपवलं आणि बाहेर आल्यावर सगळं एका आठवड्यात फुटलं. यांच्या बाजूने बघितलं तर घरातल्या प्रत्येकाने आठ वर्षं खोटं बोलल्यासारखं झालं. सुटायच्या तीन महिने आधी कुणी आम्हाला समोरासमोर बसवून "काय काय सांगायचं राहिलंय?" एवढं विचारलं असतं, तरी यातलं अर्धं निभावलं असतं.

मुलांचंही तसंच. शाळेत, नातेवाइकांत आम्ही सांगायचो, बाबा गल्फला आहेत. मुलगा चौथीत असताना चाळीतल्या एका मुलाने खेळता खेळता त्याला खरं सांगितलं. त्याने घरी कधी कळू दिलं नाही. सहा वर्षं तो आमच्यासाठी न कळल्याचं सोंग करत होता. बाप आल्यावर हे त्यानेच मला सांगितलं, आणि ते ऐकताना मला आठ वर्षांतलं सगळ्यात जास्त रडू आलं. मुलांना त्यांच्या वयाला झेपेल तेवढं खरं सांगावं, ते आईने सांगावं, आणि कसं सांगायचं हे आईला कुणीतरी शिकवावं. काही कारागृहांत लहान मुलांसाठी गळाभेटीचा कार्यक्रम होतो, मुलं बापाला हात लावू शकतात, मांडीवर बसू शकतात. ज्यांनी हा कार्यक्रम सुरू केला त्यांना माझा मनापासून नमस्कार. त्याच दिवशी आयांसाठी अर्धा तास काढा, एवढीच त्यात भर मागते.

बालसंगोपन योजना, जिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे, तीत बंद्यांच्या मुलांनाही महिना २,२५० रुपये मिळू शकतात. मला ते कळलं तेव्हा हे सुटून आले होते. बाप आत गेला त्या आठवड्यातच हे आईच्या कानावर घातलं पाहिजे. आणि बाप सुटल्यावर त्या पैशाचं काय होणार, हेही आधी सांगितलं पाहिजे, कारण ज्या घरात त्या रकमेवर शाळेची फी चालते तिथे ती अचानक थांबली तर माणूस घरी आला तो महागात पडला, असं मुलांच्या मनात बसतं.

आता कागदांचं. हा भाग कोरडा आहे, पण आमचे पहिले चार महिने यातच गेले. यांच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडून दुसऱ्या कुणाला गेला होता. ओटीपी जायचा त्या अनोळखी माणसाला. आधारचा नंबर बदलल्याशिवाय बँकेचं केवायसी होईना, आणि केवायसीशिवाय खातं चालू होईना. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, आणि दहा वर्षं झाली की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, तिथून मागून घ्यावी लागते. रेशनकार्डावरचं नाव मीच कमी करून घेतलं होतं, ते परत चढवायला मीच रांगेत. मतदानाचा हक्क आपला कायमचा गेला असं हे धरून चालले होते. कैदेत असेपर्यंत मत देता येत नाही, बाहेर आल्यावर येतं, हे यांना कुणी सांगितलंच नव्हतं. यातलं बरंचसं माणूस आत असतानाच, सुटकेच्या आधीच्या महिन्यांत होऊ शकतं. कारागृहात आधार आणि बँकेचं शिबिर ठेवा आणि घरच्यांना कळवा की कुठला कागद घेऊन या.

मुंबईची आणखी एक अडचण आहे, ती बाकी गावांना इतकी नसेल. इथे माणूस आत असताना घरच हलतं. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांची खोली सोडून गेलेला माणूस आता सुटला, तर घरचे त्याला ५०० चौरस फुटांत, वरच्या मजल्यावर भेटतील. झोपडी सोडून गेलेल्याचं कुटुंब एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, इमारतीत असेल, किंवा संक्रमण शिबिरात, भलत्याच उपनगरात. खाली सिक्युरिटी नाव विचारतो, वहीत लिहायला लावतो, आणि स्वतःच्या घरी माणूस पाहुण्यासारखा शिरतो. आमचं घर तेच होतं, तरी हे चुकले. परत येताना एल्फिन्स्टनला उतरायचं म्हणून हे पाटी शोधत राहिले. स्टेशनचं नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झालं होतं. गाडी पुढे निघून गेली. यांनी कुणाला विचारलं नाही, कारण "कुठे होता इतके दिवस?" असं कुणी म्हणेल ही धास्ती. कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे सगळे मोबाइल पुढे करून पैसे देत होते, यांच्या हातात नोट. यूपीआय म्हणजे काय ते मुलीने शिकवलं. हे शिकवताना बापलेकीत जे थोडं बोलणं झालं ते मला फार मोलाचं वाटतं, म्हणून ही एक गोष्ट मुलांवरच सोडा, असं मी इतर बायांना सांगते.

कामाचं फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. सिक्युरिटीच्या नोकरीला पोलिसांची चारित्र्य पडताळणी लागते, तिथे दार बंद. आत यांनी सुतारकाम शिकलं, हात चांगला बसलाय, आज एका फर्निचरवाल्याकडे रोजावर आहेत. ते काम मिळालं ओळखीने. येरवड्यात २०२२ च्या महाराष्ट्र दिनापासून राज्य सहकारी बँकेची 'जिव्हाळा' ही कर्जयोजना सुरू झाली, बंद्याला पन्नास हजारांपर्यंत. अशा गोष्टी घरच्यांच्या कानावर वेळेत पडल्या तर सावकाराचं दार टळतं.

पोलीस चौकीबद्दल मात्र दोन ओळी लिहिणं भाग आहे. माणूस सुटून आला की चौकशी होणार, हे आम्ही समजू शकतो. पण रात्री साडेअकराला गॅलरीत बूट वाजले की पूर्ण मजल्याचे दिवे लागतात. चॅप्टर केस (चांगल्या वर्तणुकीची हमी लिहून घेणारी पोलिसांची कारवाई), तडीपारी हे शब्द चाळीत सगळ्यांना पाठ आहेत, आणि पोलीस आले म्हणजे यांनी परत काहीतरी केलं असंच धरलं जातं. परिविक्षा अधिकाऱ्यांनी सुटकेच्या आधीच ठाण्याशी बोलून ठेवलं, घरच्यांना कुणाला भेटायचं ते सांगितलं, आणि चौकशी दिवसा झाली, तर कायद्याचं काही अडत नाही आणि आमची झोप शाबूत राहते.

ज्या माणसाला इजा झाली त्याचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून आहे. त्याची बायको आणि मी एकाच बाजारात भाजी घेतो. यांच्या सुटकेची बातमी तिलाही कुणी दिली नव्हती. ती थेट यांना रस्त्यात बघून दचकली, पिशवी टाकून मागे वळली. तिच्या त्या दचकण्याला जबाबदार कोण, हा प्रश्न मला अजून छळतो. तयारी फक्त आमच्या घराची नको, तिच्याही घराला आधी कळायला हवं. मी स्वतः जाऊन सांगावं इतकं धैर्य माझ्यात नव्हतं, आणि ते माझ्यावर सोडायलाही नको होतं.

आणि एक गोष्ट, जी आम्हा बायकांच्या बैठकीत दबक्या आवाजात निघते. काही घरांत गुन्हा घरातच झालेला असतो. बायकोला जाळायला निघालेला, मुलीवर हात टाकलेला माणूस सुटतो, आणि सगळे त्या बाईलाच सांगतात, शिक्षा भोगून आलाय, सांभाळून घे. घराची तयारी म्हणजे तिची मनधरणी नव्हे. तिला आधी विचारा, एकटीला विचारा, सासूसमोर नाही. ती नाही म्हणाली तर माणसाने राहायचं कुठे याची सोय तुम्ही बघा. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो, १५१०० हा विधी सेवेचा नंबर आहे, हे तिला त्याच बैठकीत सांगा.

मागणं फार नाही. सुटकेच्या सहा महिने आधी घरी लेखी कळवा, अंदाजे तारीख आणि दंड भरायचा राहिलाय का ते, कारण दंड न भरल्याने वाढलेली शिक्षा कित्येक घरांना शेवटच्या महिन्यात कळते. मग घरच्यांची एक बैठक घ्या, आणि ती मुंबईत घ्या, एखाद्या पालिका शाळेच्या वर्गात, रविवारी. राबणारी बाई आठवड्याच्या वारी नाशिकला येऊ शकत नाही. सुटल्यानंतरचे पहिले तीन महिने फोन उचलणारं एक माणूस द्या, ज्याचं नाव आम्हाला माहीत असेल. टाटा समाजविज्ञान संस्थेची 'प्रयास' १९९० पासून मुंबईत बंद्यांसोबत काम करते, म्हणजे हे जमतं कसं हे शिकवणारी माणसं याच शहरात आहेत. २०२२ अखेर देशात शिक्षा भोगणारे बंदी होते १,३३,४१५. त्यातले बहुतेक एक दिवस कुणाच्या तरी दारात उभे राहणार आहेत.

आमचं आता बरं चाललंय. हे संध्याकाळी साडेसातला जेवतात. दार स्वतः उघडतात. मुलगा कॉलेजात आहे, बापाशी क्रिकेटपुरतं बोलतो. झीरोचा बल्ब अजून चालू आहे, आता सासूबाईंनाच त्याच्याशिवाय झोप लागत नाही.

तुम्ही अशी बैठक ठेवलीत तर मी येईन. नव्या बायांना काय काय विचारायचं ते मला ठाऊक झालंय. रविवारी माझी शेवटची ऑर्डर दोनला जाते, तीननंतर मी मोकळी असते. तीस माणसांच्या पोळ्या घेऊन येईन, त्याचे पैसे नकोत.

आपली,
परळच्या चाळीतली एक बाई